अकरा महिने बाकावर

पडद्यावर शकील हसला, तेव्हा रहमतबी तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली होती आणि मांडीवरच्या गुलगुल्यांच्या डब्याचं झाकण नीट लागलंय का ते बोटांनी चाचपत होती. तिनं वर पाहिलं आणि तिला आधी वाटलं, हा कोणी दुसराच म्हातारा आहे. मग तिनं शर्ट ओळखला. निळ्या रेघांचा, कॉलर उलटवून शिवलेला, तिनंच इस्त्री करून घातलेला. पडद्यावरच्या त्या माणसानं दोन्ही हात वर उचलले, हवेत काहीतरी जोरात झटकलं, एक हात कमरेवर ठेवला, मान उडवली, तरातरा चार पावलं पुढे आला आणि हसला. ओठांच्या कोपऱ्यातून नव्हे, पुरता हसला, वरचा पडलेला दात दिसेल असा. चित्राला आवाज नव्हता, नुसती बासरी लावली होती. लगेच दुसरं कोणी आलं, मग तिसरं, मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. रहमतबीनं शेजारी पाहिलं. शकील तिथंच बसला होता, आपल्या खुर्चीवर, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून, आणि त्याचा चेहरा गेली तीन वर्षं होता तसाच होता. गुळगुळीत, न हलणारा, कोणीतरी वरून पुसून घेतल्यासारखा.

जानेवारीतला रविवार होता. समाजभवनात दुपारचं ऊन खिडक्यांतून आडवं येऊन फरशीवर पडलं होतं आणि फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या रेघा होत्या, हातभर अंतरावर एकेक. या रेघा रहमतबी आज पहिल्यांदाच पाहत होती. भवनाच्या बाहेरचं सगळं तिला पाठ होतं: फाटकाशी असलेला कडुनिंब, त्याच्याखालचा सिमेंटचा बाक, बाकाचा तुटलेला कोपरा, नळाची गळती. गेले अकरा महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती शकीलला लोहाऱ्याहून ऑटोत घालून इथं आणत होती, दारात सोडत होती आणि बाकावर बसून राहत होती. आत पंधरा-अठरा माणसं असायची, सगळी कंपवाताची. रंजिता राठोड नावाची मुलगी त्यांना तास-सव्वा तास हलवायची, चालवायची, नाचवायची म्हणा. तिचं त्यावर संशोधन चाललं होतं. डान्स मूव्हमेंट थेरपी असं ती म्हणायची. लोहाऱ्यात सगळे नाचाचा क्लास म्हणत. पहिल्या दिवशी घरचेही आत बसले होते, तेव्हा या रेघा नव्हत्या; तास संपताना तिनं सांगितलं होतं की पुढच्या वेळेपासून घरच्यांनी आत यायचं नाही. रहमतबीनं काहून म्हणून विचारलं नव्हतं. दवाखान्यात पण आत येऊ देत नाहीत, तसंच हे असेल, असं तिनं धरलं होतं. दार बंद व्हायचं, आत ढोलकी नाही तर बासरी लागायची, पायांचे आवाज यायचे आणि ती मेथी निवडायची. तास संपला की शकील बाहेर यायचा तो हाच चेहरा घेऊन. ‘काय केलं आज?’ तिनं विचारावं. ‘तेच,’ त्यानं म्हणावं. महिन्या-दोन महिन्यांनी तिनं विचारणंही सोडलं.

आणि आत हे चाललं होतं. आत तो हसत होता.

रहमतबी उठली. डबा टेबलावर ठेवायचं निमित्त होतंच. भिंतीशी लांब टेबलं लावली होती. पेशंटांच्या घरच्यांनी आपापल्या घरून काही ना काही करून आणलं होतं, सांबारवड्या, चिवडा, तिळाच्या वड्या, आणि येणारा-जाणारा खाऊन दाराजवळच्या पेटीत मनाला येईल ते टाकत होता. या सगळ्यातून रंजिताचं दुसरं वर्ष निघायचं होतं. विद्यापीठाकडून मिळालं होतं ते पहिल्याच वर्षाला पुरलं. आता मारेगावकडच्या गावांत, तांड्यांवर जायचं होतं, जिथं या आजाराला नावसुद्धा नव्हतं. रहमतबीची मुलगी तमन्ना टेबलामागे उभी राहून कागदी प्लेटा मांडत होती. ‘अम्मी, अब्बा कसे मस्त दिसले ना?’ ती म्हणाली. रहमतबीनं डबा तिच्या हातात दिला आणि ‘हाव’ म्हणून ती मागच्या दारानं बाहेर पडली.

बाकावर ऊन आलं होतं. ती सवयीनं सावलीच्या बाजूला बसली. आपल्याला नेमकं काय झालंय ते तिला कळत नव्हतं. चांगलंच तर होतं ना. माणूस हसला, यात वाईट काय? सात वर्षांपूर्वी त्याची करंगळी पहिल्यांदा हलायला लागली, तेव्हा तो स्वतःच तिला दाखवायचा, ‘पाह्य, हिचा प्लग गेला.’ ट्रकांच्या मेकॅनिकनं आणखी काय म्हणावं? वणीला कोळशाच्या ट्रकांखाली झोपून तो काम शिकला होता आणि मग तीस वर्षं लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या रस्त्यावर त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. घरी यायचा तेव्हा सगळं तोंड काळं असायचं आणि दारातूनच दात दिसायचे. तो काय हसायचा! जेवताना हसायचा, भांडताना हसायचा, मुलगा परवेज दहावीला नापास झाला तेव्हा निकालाचा कागद उलटा धरून हसला होता आणि पोरगं रडायचं थांबलं होतं. मग बोटांना नटाचे आटे कळेनासे झाले. बिलावरचं अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं. उंबऱ्यापाशी पाय चिकटायला लागले. एक पाय उचलेचना, जसं कोणी खालून धरून ठेवलंय. आणि चेहरा कधी गेला, ते तिला सांगता आलं नसतं. कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी? शेवटचं हसला ते कशावर? माणूस मरतो तेव्हा दिवस लक्षात राहतो. हसू गेलं त्याची कुठं नोंद राहते? डॉक्टर म्हणाले होते, ‘तोंडाचे स्नायू आखडतात, आजी. ते रागावलेले नाहीत, हा आजार आहे.’ तिला ते समजलं होतं. पण रोज सकाळी त्याची बटणं लावताना, त्याचं तोंड पुसताना, घास भरवताना समोर तो चेहरा असायचा आणि तिचं मन म्हणायचं, रागावलेलाच आहे. माझ्यावरच आहे. मग तिचंही बोलणं कमी झालं. कामापुरतं उरलं. उठा. बसा. गोळी घ्या. पाय उचला, चला, चला ना.

आणि त्या दाराआड, एका परक्या पोरीसमोर, तो दात दाखवून हसत होता. घरी द्यायला काही उरत नव्हतं म्हणून नाही, तर तिथं द्यावंसं वाटत होतं म्हणून. साठीच्या पुढच्या बाईला असं वाटावं याची तिला लाज वाटली. तिनं ओढणीचं टोक तोंडावरून फिरवलं. लग्नानंतर वणीत कोणी म्हटलं होतं की शकीलभाई गॅरेजवर चहावालीशी हसून बोलतात, तेव्हासुद्धा तिला एवढं लागलं नव्हतं. ती सरळ गॅरेजवर जाऊन चहावालीकडून चहा पिऊन आली होती. आता जायचं कुठं? कोणाकडे जाऊन काय प्यायचं?

तमन्ना दारात आली. ‘अम्मी? इथं काहून बसली?’

‘आत गरम होऊन राह्यलं.’

‘जानेवारीत?’ तमन्नानं तिच्याकडे नीट पाहिलं. ‘चल, गुलगुले संपत आले. लोक विचारतात कोणी केले म्हणून.’

टेबलाशी भगवानराव उभे होते. हे निवृत्त पोस्टमास्तर. शकीलच्याच गटातले, आणि त्यांचा हात शकीलपेक्षा जास्त हलायचा. त्यामुळे त्यांनी प्लेट हातात न घेता टेबलावरच ठेवली होती आणि वाकून, हात तिथल्या तिथं धरून, ते गुलगुला खात होते. रहमतबीला पाहून ते सरळ झाले.

‘या, या, वहिनी! तुमालेच शोधून राह्यलो होतो. आज मूळ प्रत आत आली म्हणायची. आतापर्यंत आत नक्कलच पाह्यली होती.’

‘कशाची नक्कल?’

‘बाप्पा! तुमाले सांगतलं नाही त्यायनं? आता पडद्यावर दाखवली तेच. रंजितानं एक दिवस काय केलं, म्हणे घरचं नाही तं कामावरचं कोणीतरी मनात आना आनि त्याचं चालनं, उभं राहनं अंगावर घ्या, बोलायचं नाही. बाकीच्यायनं ओळखायचं. मी आपला आमच्या साहेबाचा शिक्का मारला, धप्प धप्प. तुमचे मालक उठले. दोन हात वर, असं झटकलं, कमरेवर हात. मी म्हटलं ट्रॅफिक पोलीस! दुसरा म्हणे धोबी. तं ते हासाले लागले. म्हनाले, घरवाली आहे माझी. वणीत कोळशाचा ट्रक अडवला होता हिनं, धुतलेली चादर घेऊन.’

चादर. वणीच्या गल्लीत मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं म्हणून ट्रक आतून जायला लागले होते, आणि वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत काळे व्हायचे. रहमतबी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. एक दिवस तिनं पांढरी चादर दोरीवरून ओढली, ती झटकत सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि ट्रक थांबवला. ड्रायव्हरला ती काय काय बोलली ते तिला आता आठवत नव्हतं. त्याच्या शेजारी ब्रेक तपासायला बसलेला एक पोरगा खाली मान घालून हसत होता, हे तिला तेव्हा दिसलं नव्हतं. त्यानंच ते लग्नानंतर एकदा सांगितलं, एकदाच. बेचाळीस वर्षं झाली. ती तरातरा चालणारी, मान उडवणारी पोरगी कशी दिसत असेल, हे रहमतबीला माहीत असायचं कारणच नव्हतं. स्वतःला कोण चालताना पाहतं? आत्ता, थोड्या वेळापूर्वी, ती आपल्यालाच पडद्यावर पाहत होती आणि तिनं ओळखलं नव्हतं. तिला वाटलं, आपण कोणाचा हेवा करत बाहेर जाऊन बसलो होतो?

‘लय मजेदार मानूस आहे,’ भगवानराव सांगत होते. ‘सगळ्यायले हासवून हासवून मारते. आनि थोबाड असं सपाट ठेवते ना, त्याच्यानं अजूनच हासू येते. आमाले माहीत आहे ना, आमचीबी थोबाडं तशीच. आमी तोंडाकडे पाहतच नाही एकमेकायच्या, नुसतं ऐकतो.’

‘हे? हासवतात?’

‘तं काय! घरी नाही हासवत?’

रहमतबीच्या मनात एकामागून एक वाक्यं यायला लागली, वर्ष-दोन वर्षांतली, सपाट, बारीक आवाजात म्हटलेली. मागच्या रमजानच्या आधी ती त्याची दाढी करत होती आणि गालाला जरा लागलं, तेव्हा तो म्हणाला होता, ‘हळू. या मॉडेलचे पार्ट भेटत नाहीत आता.’ ती म्हणाली होती, असं वाईट-साईट बोलू नका, आणि मोरीत जाऊन रडली होती. एकदा वरण सगळं छातीवर सांडलं तर तो म्हणाला, ‘शर्टालेबी भूक लागली होती.’ तिला वाटलं होतं, घाईनं भरवते म्हणून टोमणा मारला. तिनं एक शब्द न बोलता शर्ट बदलला होता, बटणं जरा ओढूनच लावली होती. उंबऱ्यात पाय अडले की तो म्हणायचा, ‘फाटक बंद आहे, गाडी येऊन राह्यली असन.’ ती म्हणायची, चला ना लवकर. किती? रोज एक धरलं तरी किती? तो पाठवत होता आणि ती परत करत होती. चेहरा नव्हता म्हणून तिला शब्दच ऐकू आले नव्हते. आणि त्यानं तरी, एवढं होऊनही, पाठवणं थांबवलं नव्हतं.

तेवढ्यात माईकवर रंजिता बोलायला उभी राहिली. बारीक अंगाची, गळ्यात स्टॉपवॉच तसंच राहून गेलेलं. ती फार गोड बोलत नव्हती, हे रहमतबीला आवडलं. ‘हा आजार बरा होत नाही,’ ती म्हणाली. ‘मी बरं करते असं कोणी सांगतलं असन तर ते खोटं आहे. माझा आजा तांड्यावर होता, लखीराम नाव. बारा वर्षं अडून बसला होता, लोक म्हणत म्हातारपण आहे. पण होळीले लेंगीची गाणी सुरू झाली, बाया-माणसं गाऊन राह्यली, की हा उठून रिंगणात चालाले लागायचा. गाणं थांबलं की पुन्हा अडायचा. मी तेव्हा लहान होती. मी तेच मोजून राह्यली आहे, की असं काहून होते आणि गाणं थांबल्यावर त्यातलं किती टिकते. एका वर्षात एवढं कळलं की काहीतरी टिकते. किती, ते दुसऱ्या वर्षी कळेल, वर्ष निघालं तर.’ मग ती म्हणाली की घरच्यांपैकी कोणी दोन शब्द बोलावे. भगवानरावांच्या बायकोचं ठरलं होतं, पण त्या पदर तोंडाला लावून खुर्चीतून उठायलाच तयार होईनात.

रहमतबी पुढे कधी गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. पिवळ्या रेघा ओलांडत गेली एवढं मात्र पायांना जाणवलं. माईक हातात घेतल्यावर आपला श्वास सगळीकडून ऐकू येतोय, याचं तिला नवल वाटलं.

‘मी बोलाले आली नाही,’ ती म्हणाली. ‘मी या पोरीले एक विचाराले आली. रंजिता, मले आत काहून येऊ नाही दिलं?’

सभागृहात कोणी खुर्ची सरकवली.

‘चाची, पहिल्या दिवशी तुमी सगळे आत होते, आठवते? कोणी पाय हलवला की घरचं माणूस म्हणे, जपून. कोणी हात उचलला की म्हणे, राहू द्या. आणि ते थांबून जायचे. सगळे तुमच्याकडे पाहायचे. म्हणून मी दार लावलं,’ रंजिता म्हणाली. ‘ते बरोबर केलं की चूक, मले माहीत नाही. मी ते मोजलंच नाही. मोजाले पाहिजे होतं.’

‘मंग मोज,’ रहमतबी म्हणाली. मग ती लोकांकडे वळली. ‘अकरा महिने मी बाहेर बाकावर बसली. आत माझा माणूस हासला, तो मी आज पाह्यला, तुमच्यासोबत. मले बाहेर जाऊन रडू आलं. मले वाटलं हासणं संपलं आहे. ते संपलं नव्हतं, माझ्याकडून ऐकणं होऊन राह्यलं नव्हतं. या पोरीले द्या, जे देता येते ते द्या. मारेगावच्या तांड्यावरबी अशी एखादी बाई बसली असन, माणूस रागावला समजून. पण माझी एक अट आहे. पुढच्या वर्षी आमालेबी आत घ्या. आमची थोबाडंबी आखडली आहेत.’

भगवानराव मोठ्यानं हसले आणि मग सगळेच. टाळ्या वाजल्या. रंजितानं खिशातून वही काढून खरोखरच काहीतरी लिहून घेतलं. रहमतबीनं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. शकीलचा चेहरा तसाच होता. ना आनंद, ना नवल, काही नाही. तिनं त्या चेहऱ्यात काही शोधलं नाही. तिला जाणवलं, शोधायची गरजच वाटत नाहीये, आणि इतकी वर्षं रोज सकाळी तेच तर करून आपण दमत होतो.

पाच वाजता लोक पांगले. तमन्ना मागं थांबली, आवरायला. रंजिता फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, ‘चाची, वर्ष निघते. मंगळवारी या, दोघं.’ ‘येतो,’ रहमतबी म्हणाली.

ऑटो जुना होता. लोहाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर तो नुसता चालत नव्हता, थडथडत होता. सीट हलत होती, टपाचा पत्रा वाजत होता, आरसा एवढा हलत होता की त्यात ड्रायव्हरचं तोंड दिसत नव्हतं. शकील तिच्या खांद्याला टेकून बसला होता. दुपारच्या गोळीचा असर उतरत आला होता आणि त्याचा हात तिच्या मांडीवर थरथरत होता. तिनं तो दाबून धरला नाही, तसाच राहू दिला. गाडी गिअर बदलताना गचकली. बऱ्याच वेळानं शकील काहीतरी पुटपुटला. एरवी तिनं ‘काय पाहिजे?’ म्हटलं असतं. आज तिनं कान त्याच्या तोंडाशी नेला, आणि डोळे रस्त्यावरच ठेवले.

‘याच्या गाडीलेबी कंपवात आहे,’ शकील म्हणाला.

रहमतबी हसली. आधी नाकातून, मग आवाज फुटून, मग पोट धरून. ओढणी तोंडात कोंबली तरी हसू थांबेना. ड्रायव्हरनं घाबरून वेग कमी केला आणि मागे वळून विचारलं, ‘काय झालं, मावशी?’

‘काही नाही रे भाऊ, चाल तू,’ ती डोळे पुसत म्हणाली, आणि शकीलकडे वाकून, हळू आवाजात, ‘मंग गोळी द्या त्याले.’

शकील समोर पाहत होता. शब्द यायला त्याला वेळ लागत होता. तिनं घाई केली नाही. एमआयडीसीची पहिली शेडं मागे गेली.

‘पेट्रोलासंग,’ तो म्हणाला. ‘जेवणानंतर.’